बकरी खालाच्या दारी आली होती

दादा,

समुद्र माणसाला नम्र करतो, असं तुझ्या शोकसभेत चार वक्त्यांनी सांगितलं. चौघांपैकी किती जणांनी समुद्र पाहिला होता ते माहीत नाही, पण तुला सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं. समुद्राला तुझ्यासाठी सहा वर्षं मिळाली होती. पावसाळ्याचे चार-चार महिने वजा केले तरी चार उरतात. तेवढ्यात त्यानं तुझं काही वाकडं केलं नाही, आणि सरळही काही केलं नाही.

सभा अकोल्यातच झाली. मागच्या पडद्यावर तुझा मोठा फोटो होता. शिडाची बोट, पांढरी टोपी, नजर दूर कुठेतरी, आणि खाली ‘वऱ्हाडचा दर्यावर्दी’. मी दुसऱ्या रांगेत होते. शेजारी नसरीन होती, जठारपेठेत आपल्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या जमीला खालाची मुलगी, माझ्याच वयाची. भाषणं संपल्यावर त्यांनी तुझा तो व्हिडिओ लावला. मलबारकडच्या एका बंदरात तू लुंगी नेसून, दोन्ही हातांत टिपऱ्या घेऊन गोल फिरत गातोस, आणि तिथले मासेमार तुझ्यामागे टिपऱ्या वाजवत फिरतात. खाली अक्षरं येतात, ‘पारंपरिक वऱ्हाडी लोकगीत’. आणि तू सुरू करतोस, ‘बकरी आली सागराच्या दारी.’

नसरीननं माझा हात दाबला. “सुमन, ये तो हमारी बकरी है ना?”

“हो.”

“फिर समंदर कायकू आया बीच में?”

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिलं. शोकसभेत आम्ही बकरीबद्दल बोलतोय याचं त्यांना वाईट वाटलं असावं. पडद्यावर तूही दुसऱ्या कशाबद्दल गात नव्हतास, पण तुझ्यासाठी स्पीकर लावले होते.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची पद्धत आहे. चौघांनी ती पाळली, तेवढी पुरे. माझं तुझ्याशी भांडण अर्धं राहिलं आहे आणि ते मला पुढे चालवायचं आहे. मध्येच उठून जायची तुझी सवय जुनी आहे. या वेळी तर तू कमालच केलीस.

तुझं मॅट्रिकचं वर्ष होतं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचा महिना. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी आपल्याकडे जमायच्या, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गोल धरून टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या, आणि शेवटी आई झाकणाचा डबा कानाशी हलवून दाखवायची. आवाजावरून आतली खिरापत ओळखायची, मगच ती मिळायची. एक दिवस आईनं तुझा हात धरून तुला रिंगणात ओढलं. “ये ना रे, दोन फेरे घाल. डोकं मोकळं होईन.” तू हात सोडवून घेतलास आणि म्हणालास, “आई, हे रिकामटेकड्याइचं काम बंद कर. मले अभ्यास करू दे. मले इंजिनियर व्हायचं हाय.”

तिनं पाट उचलला, भुलाबाई उचलली, डबा काखेत घेतला आणि सगळं भिंतीपलीकडे खालाच्या अंगणात नेलं. खाला म्हणाली, “यहाँ गाओ. जितना गला है उतना गाओ.” खालाचे मियाँ सुतार होते. त्यांनी आम्हाला टिपऱ्यांच्या आठ जोड्या रंधून दिल्या, हाताला एक सल लागायची नाही. त्या महिन्यात ते रोज काम थांबवून उंबऱ्यावर बसायचे आणि ठेका चुकला की करवतीच्या मुठीनं फळीवर वाजवून दाखवायचे.

चौथ्या दिवशी आम्ही गात असताना खालाच्या बकरीनं सगळी खिरापत खाल्ली. भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीची होती, वरून खोबरं. पोरी रडकुंडीला आल्या. खाला चप्पल घेऊन बकरीमागे धावली. आई हसत म्हणाली, “राहू दे वं जमीला. डबा न वाजवता ओळखणारी ते एकलीच निघाली.” आणि उभ्या उभ्या तिथंच तिनं गाणं जुळवलं.

बकरी आली खालाच्या दारी,
खाऊन गेली खिरापत सारी.
पुसलं तिले, लाज नाही वाटली?
म्हणे, डब्याची झाकणी कोनं काढली?

शेवटच्या ओळीला खाला पदरात तोंड लपवून हसायची, कारण झाकणी तिनंच काढली होती. आत काय आहे ते तिला पाहायचं होतं. त्यानंतर माझं लग्न होऊन मी अमरावतीला येईपर्यंत दरवर्षी महिनाभर शेवटचं गाणं हेच असायचं. भिंतीच्या अलीकडे तू कानात कापसाचे बोळे घालून बसायचास. कापूस आपल्याकडे कधी कमी पडला नाही.

पुढे तू पाटबंधारे खात्यात साहेब झालास. कौंडण्यपूरच्या जत्रेला सगळे मिळून गेलो होतो ते आठवतं? देवळात भजन रंगलं होतं, आई टाळ्या वाजवत होती, आणि तू वर्धेच्या काठावर बसून पाण्यात काडी टाकत होतास. घड्याळात बघून पाण्याचा वेग काढत होतास. आईनं मला विचारलं, “काय करून राहिला तो?” मी म्हटलं, “नदी तपासून राहिला.” आई म्हणाली, “पास झाली काय?”

असा तू निवृत्त झालास आणि चार वर्षांनी बोटीवर गेलास. तुझा वसतिगृहातला मित्र, मालवणचा रेडकर. बोट त्याची, शिडं ओढायची अक्कल त्याची, टोपी तुझी. मी विचारलं, “दादा, या वयात काहून जाऊन राहिला?” तू म्हणालास, “सारी उमर पाणी अडवलं सुमे. आता जरा पाण्यासंग चालून पाहतो.” वाक्य चांगलं होतं. नंतर ते तीन मुलाखतींत आलं.

तिथून तुझे फोन सुरू झाले. बोट कुठं लागली की तू फोन करायचास. हॅलो नाही, कशी आहेस नाही, फक्त “ऐक.” आणि फोन ढोलाकडे धरायचास. मालवणला रेडकरच्या गावचा दशावतार, गोव्यात कुठल्यातरी अंगणातली फुगडी, कारवारच्या पुढे यक्षगान. मी डाळ निवडता निवडता ऐकायची. एकदा तू काहीच न बोलता फोन धरलास आणि पलीकडे एक म्हातारी गात होती. भाषा कळत नव्हती. नंतर तू सांगितलंस की ती जाळं दुरुस्त करता करता गात होती, तिला तर माहीतही नव्हतं. मी अकरा मिनिटं ऐकलं. गॅसवरचं दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलं. हे तुला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते चौथ्या मुलाखतीत घातलं असतंस. आता सांगते. चांगलं वाटलं होतं. त्याबद्दल तुझे आभार, आणि ते इथं संपले.

कारण त्याच फोनवर मी तुला विचारलं होतं, “तुले गाणं कधीपासून आवडाले लागलं?”

“इथं मले कोणी ओळखत नाही ना सुमे. साहेब नाही, काही नाही. हात धरते अन् वढते रिंगणात.”

“आपल्या अंगणात कोणी वढलं नव्हतं काय तुले?”

तू म्हणालास, रेंज जाऊन राहिली. रेंज गेली नव्हती. मागचा ढोल मला स्वच्छ ऐकू येत होता.

तू मला बोटीवर बोलावलंस, दोनदा. मी म्हटलं, मला अकोल्याच्या एसटीत मूर्तिजापूर यायच्या आत उलटी होते, तुझ्या बोटीत काय होईल? ते खरं होतं. पण ते कारण नव्हतं. परक्या गावच्या अंगणात तू नाचतोस आणि शेजारी बसून मी टाळ्या वाजवते, हे मला जमलं नसतं. आईला ते बघायला मिळालं नव्हतं. मग मी कशाला बघू?

मग तो मलबारचा फोन आला. दुपारचे चार वाजले असतील. “सुमे, लवकर. इथं मुसलमान कोळ्याइचा टिपऱ्याइचा नाच चालू हाय. आपल्यासारखाच, गोल फिरते अन् वाजवते. आता म्हणून राहिले, तुमच्याकडचं दाखवा. सारे थांबले हायेत. आपल्याकडचं काय हाय?”

आयुष्यभर शिकलेला माणूस, पाच जिल्ह्यांचे नकाशे तोंडपाठ, आणि विचारतो, आपल्याकडचं काय आहे. मला खरं म्हणजे फोन ठेवायचा होता. पण तू इतका घाबरला होतास की दया आली. म्हटलं, “खालाची बकरी म्हण.” तू म्हणालास, “शब्द सांग फक्त.” मी शब्द सांगितले आणि म्हटलं, “चाल अशी आहे, ऐक,” तर तू मला थांबवून स्वतःच गायला लागलास. एकही जागा चुकला नाहीस. खाला जिथं श्वास घ्यायची तिथं तूही श्वास घेतलास. कापसाच्या बोळ्यांचा काही उपयोग झाला नव्हता.

त्या दिवशी तुझ्यावरचा माझा राग जवळजवळ गेला होता. पन्नास वर्षं सांभाळलेली वस्तू हातातून निसटावी तसं झालं. रेडकरनं व्हिडिओ काढला, तो इकडे पोचला, गावोगाव फिरला, माझ्या साध्या फोनवर तेवढा आला नाही, आणि अकोल्यात तुझा सत्कार ठरला. मी नवी साडी नेसून आले. नसरीनलाही ये म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण बरं झालं तिला आणलं नाही.

तू गायलास. ‘खालाच्या दारी’च्या जागी ‘सागराच्या दारी’. समुद्राच्या दारात बकरी कशाला येईल, हे त्या भरल्या हॉलमध्ये कुणाला विचारावंसं वाटलं नाही. एक प्राध्यापक उठले आणि त्यांनी अर्थ सांगितला. बकरी म्हणजे जीव, खिरापत म्हणजे भोग, सागर म्हणजे परब्रह्म, आणि झाकणी म्हणजे अविद्येचं आवरण. शेकडो वर्षांपूर्वी कुणा अनाम संताला हे सुचलं असणार, असं ते म्हणाले. तू मान डोलावत होतास. झाकणी जमीला खालानं काढली होती, दादा. डाळ आहे की चुरमुरे, एवढंच तिला बघायचं होतं.

मग तुला माइक दिला. मला वाटलं, आता सांगशील. तू म्हणालास, “हे आपल्या मातीचं गाणं आहे.” आणि बसलास. शाल, श्रीफळ, आणि जहाजाच्या सुकाणूचं एक प्लॅस्टिकचं चक्र.

घरी आल्यावर मी विचारलं. वहिनी चहा ठेवत होत्या.

“दादा, ते गाणं आईचं होय.”

“मालूम हाय मले.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“लोकगीत म्हटलं की लोकाइले मोठं वाटते सुमे. आईचं म्हटलं की घरगुती वाटते.”

“घरगुतीच होतं ते.”

“तेच तं म्हणून राहिलो.”

“अन् खाला कुठं गेली?”

“चालीत बसे ना.”

“खोटं नको बोलू. पन्नास वर्षं बसली. तुझा सागरच बसत नाही, तू ओढून-ताणून म्हणतोस.”

“अवं, स्टेजवर खाला म्हटलं की दहा जण विचारते, कोण खाला, कोणाची खाला. कशाले तो झमेला?”

झमेला. ज्या बाईनं तुझ्या अभ्यासासाठी आपलं अंगण महिनाभर आम्हाला दिलं, दरवर्षी दिलं, ती तुझ्या भाषणात झमेला झाली. आणि त्या अंगणातल्या गाण्यावर तू शाल घेतलीस. तू आईला अंगणातून काढलंस तेव्हा सोळा वर्षांचा होतास, ते मी मलबारच्या फोनवर जवळजवळ माफ केलं होतं. गाण्यातून काढलंस तेव्हा अडुसष्टचा होतास.

वहिनींचा चहा न घेता मी अमरावतीच्या गाडीत बसले. मग आठ महिने तुझे फोन घेतले नाहीत. वाजायचा, बंद व्हायचा. कुठल्या बंदरात कुठला ढोल वाजत होता, मला माहीत नाही. तेवढे ढोल माझे बुडाले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी उचलला. का उचलला ते मला सांगता येणार नाही. तू लगेच बोललास, जणू मधले आठ महिने मी नुसती दार बघायला उठले होते.

“डिसेंबरात अमरावतीले कार्यक्रम हाय. तुझ्याच गावात. तवा सांगतो. आईचं, खालाचं, सारं सांगतो. तू ये.”

“पाहीन.”

“पाहीन म्हणजे?”

“म्हणजे पाहीन.”

हे आपलं शेवटचं बोलणं. मी त्यात काही सुधारणा करू शकले असते, पण केली नाही. तुझ्यावर विश्वास ठेवावा असं तू काही केलेलं नव्हतंस. हे मी आजही म्हणते, आणि फोन वाजला की पहिल्याच घंटीला उचलते. पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शोकसभेच्या पत्रिकेवर छापलं होतं, ‘सागरपुत्र सागरात विलीन’. बोट तेव्हा मालवणला किनाऱ्यावर ओढलेली होती आणि रेडकर तिला रंग देत होता. तू अकोल्यात होतास. सकाळी अकराला बँकेत गेलास, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला. खिडकीवरच्या मुलीनं फॉर्म बघून परत दिला. तू बाकावर येऊन बसलास आणि शेजारच्या गृहस्थांना पेन मागितलं. त्यांनी वरच्या खिशातून पेन काढून टोपण उघडेपर्यंत तू गेला होतास. ते गृहस्थ तेराव्याला येऊन वहिनींना हे सांगून गेले. पेन द्यायला आपल्याला उशीर झाला, याचं त्यांना फार लागलं होतं. तुझ्यासाठी बोलणाऱ्यांत मला तेवढेच एक आवडले.

तेराव्याच्याच दिवशी वहिनींनी तो फॉर्म माझ्या हातात दिला. “मागून पाहा,” म्हणाल्या. “तुमचं नाव हाय.” मागच्या कोऱ्या बाजूवर तू डिसेंबरच्या भाषणाचे मुद्दे काढले होतेस. अंदाजपत्रकासारखे, आकडे घालून. एक, आभार. दोन, समुद्र, पाच मिनिटं. तीन, गाणं आईनं केलं, बकरी जमीला खालाची, मले सुमीनं सांगितलं. चार, गाणं म्हणणे, सुमी आली तर तिच्यासंग.

दोनला पाच मिनिटं आणि तीनला वेळच दिलेला नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मग बराच वेळ दुसरं काही लक्षात आलं नाही. ‘आली तर’ एवढेच शब्द दिसत होते. वहिनी आत निघून गेल्या, ते चांगलं केलं.

तो कागद नसरीनला वाचून दाखवला. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “मनोहरभाई ने लिख्खा? अपने हाथ से?” मग, “बोलने को इतना टाइम लगता क्या आदमी को?” मी म्हटलं, लागतो. आमच्या घरात लागतो.

आता तुझ्या नावानं स्मरणिका निघते आहे. मुखपृष्ठाच्या आत गाणं छापायचं ठरलं आहे, तुझ्या फोटोवर, निळ्या शाईत, ‘पारंपरिक’ म्हणून, सागरासकट. समितीच्या अध्यक्षांनी मला लेख मागितला. बहिणीच्या आठवणी, हळवं काहीतरी, असं म्हणाले. मी म्हटलं, देते, पण गाण्याखाली आईचं नाव छापा, द्वारकाबाई, आणि खालाला तिच्या दारात परत आणा. ते म्हणाले, आता ते गेल्यावर वाद कशाला, आणि पुरावा काय?

म्हणून हा लेख त्यांच्याकडे जाणार नाही, दुसरीकडे जाईल. जिथं छापला जाईल तिथं गाण्याचे चारही चरण शब्दशः वर दिलेले असतील, आईनं केले तसे. तुझा तिसरा मुद्दा मी माझ्या हातानं पुरा करते आहे, आणि त्याला पाचाहून जास्त मिनिटं दिली आहेत. पुढच्या भादव्यात मी आणि नसरीन तिच्या अंगणात ते म्हणणार आहोत. तिची नात आणि तिच्या मैत्रिणी येतो म्हणाल्या आहेत. तुझी जागा रिकामी ठेवणार नाही. रिंगणात रिकामी जागा ठेवली की टिपरी हवेत जाते.

पण अध्यक्षांना पुरावा हवा होता, म्हणून निघण्याआधी मी तो फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून मागची बाजू वाचली. उलटा करून पुढचीही वाचली, तुझं नाव, जन्मतारीख, खातं, सगळं. मग घडी घालून माझ्याकडे परत दिला.

“ताई,” ते म्हणाले, “यावर सही नाही.”

बँकेनंही तो त्याच कारणासाठी परत केला होता.